आधी रोस्टर पाहा : नागपूरच्या रुग्णालय व्यवस्थापनांना एका निवृत्त परिसेविकेचं खुलं पत्र

प्रति,
नागपुरातील शासकीय, धर्मादाय आणि खासगी रुग्णालयांचे विश्वस्त, संचालक, वैद्यकीय अधीक्षक आणि मनुष्यबळ विभागप्रमुख यांस,

सप्रेम नमस्कार.

मी एकतीस वर्षं या शहरात नर्सिंग केलं. सुरुवातीला सर्जरीचा वॉर्ड, मग बरीच वर्षं मेडिसिन, आणि शेवटची नऊ वर्षं परिसेविका, म्हणजे वॉर्डाची इन्चार्ज. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. ज्या रुग्णालयांत मी काम केलं त्यांची नावं इथे घेणार नाही. जे सांगायचं आहे ते धंतोलीच्या लहान नर्सिंग होमपासून हजार खाटांच्या रुग्णालयापर्यंत सगळीकडे थोड्याफार फरकाने सारखंच आहे.

गेल्या १२ मे रोजी, जागतिक परिचारिका दिनाला, एका रुग्णालयातल्या मुलींनी मला आग्रहाने बोलावलं. दिवे लावले, शपथ झाली, केक कापला, प्रत्येकीच्या हातात एक गुलाब दिला. मग व्यवस्थापनातर्फे जाहीर झालं की रुग्णालयाने ‘एम्प्लॉयी सपोर्ट प्रोग्राम’ सुरू केला आहे. मोबाईलवर एक अ‍ॅप, मन मोकळं करायला एक नंबर, आणि लगेच ताणतणावावर तासाभराचं व्याख्यान. बोलणाऱ्या बाई तळमळीने बोलल्या. तिसऱ्या रांगेत एक मुलगी मात्र बसल्या जागी झोपली होती, गुलाब मांडीवर पडलेला. कार्यक्रम संपल्यावर मी तिच्याजवळ गेले. सकाळी आठला तिची नाईट संपली होती, हँडओव्हर देता देता नऊ झाले, कार्यक्रम अकराचा, हजेरी सक्तीची. आणि रात्री आठला पुन्हा नाईट.

“झोपशील कधी?” मी विचारलं.

“आता रूमवर जाऊन पडते न मॅडम. पण कूलर बंद आहे, दुपारी डोळाच लागत नाही.”

बाहेर पंचेचाळीसच्या वर ऊन होतं. ती अजनीकडे कुठेतरी तिघींत एक खोली करून राहते. घरी आल्यावरही ती मुलगी डोळ्यांसमोरून हलेना, म्हणून हे पत्र.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. आधार देणाऱ्या कार्यक्रमाच्या मी विरोधात नाही. आमच्या पिढीला असं काहीच मिळालं नाही. आम्ही लिनन रूममध्ये चादरींच्या गठ्ठ्यामागे उभ्या राहून रडलो, तोंड धुतलं आणि टीपीआर, म्हणजे रुग्णांचा ताप, नाडी, श्वास मोजायला गेलो. आज व्यवस्थापनाला निदान वाटतं आहे की नर्सलाही मन असतं, याचं मला मनापासून समाधान आहे. पण म्हणूनच हा कार्यक्रम भिंतीवरच्या पोस्टरपुरता उरू नये असं वाटतं. तो खरा व्हायचा असेल तर त्याची सुरुवात अ‍ॅपपासून करून चालणार नाही. ड्युटी रोस्टरपासून, म्हणजे कुणाची पाळी कधी ते ठरवणाऱ्या तक्त्यापासून करावी लागेल.

ज्या बाईंच्या नावाने आपण १२ मेला दिवे लावतो, त्यांचीच गोष्ट पाहा. फ्लोरेन्स नाइटिंगेल क्रिमियन युद्धाच्या काळात, १८५४ च्या नोव्हेंबरमध्ये, तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या ब्रिटिश लष्करी रुग्णालयात पोहोचल्या. त्यांनी रात्रंदिवस सेवा केली, तरी त्या हिवाळ्यात मरणं थांबली नाहीत. १८५५ च्या फेब्रुवारीत तिथला मृत्युदर शेकडा ४२ च्या घरात होता. मार्चमध्ये स्वच्छता आयोग आला. त्याने इमारतीखालची तुंबलेली गटारं उपसली, हवा खेळती केली, पाण्याची सोय सुधारली. जूनपर्यंत तो दर शेकडा २ च्या आसपास उतरला. पुढे नाइटिंगेल यांनी स्वतः हे आकडे मांडले, त्यांच्या आकृत्या काढल्या आणि आयुष्यभर त्यासाठी भांडल्या. आपल्या लक्षात त्यांचा दिवा तेवढा राहिला.

आमच्या वॉर्डातलं तुंबलेलं गटार म्हणजे रोस्टर.

हिशेब करून दाखवते. आपल्याकडे साधारण सकाळ सहा तासांची, दुपार सहा तासांची आणि रात्र बारा तासांची. म्हणजे वॉर्डातली नर्सची एक जागा वर्षभर भरलेली ठेवायची तर १,०९५ पाळ्या भराव्या लागतात. एका नर्सला ५२ साप्ताहिक सुट्या आणि सण, किरकोळ व आजारपणाच्या रजा मिळून आणखी तीसेक दिवस धरले, तर ती वर्षाला २८३ पाळ्या करू शकते. १,०९५ ला २८३ ने भागा. एका जागेला जवळजवळ चौघी लागतात, आणि नाईट ऑफ, म्हणजे रात्रपाळ्यांनंतरच्या सुट्या धरल्या तर चौघीही पुरत नाहीत. पण मंजुरी देताना बहुतेक ठिकाणी हिशेब तिघींचा होतो. उरलेली चौथी येते कुठून? ती याच तिघींच्या अंगातून निघते. कुणाच्या ऑफच्या दिवशी सकाळी सातला फोन जातो, कुणाची दुपार पुढे रात्र होते. वॉर्डात याला ‘अ‍ॅडजस्ट करणं’ म्हणतात.

भारतीय परिचर्या परिषदेचा निकष शिक्षण रुग्णालयांत तीन रुग्णांमागे एक नर्स आणि इतर रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक असा आहे. अतिदक्षता विभागात एका खाटेला एक. त्यावर रजेसाठी ३० टक्के राखीव. मी इन्चार्ज असताना तीस खाटांच्या वॉर्डात रात्री दोघी असायच्या. एखादा रुग्ण व्हेंटिलेटरसाठी वर हलवायचा असेल तर एक त्याच्याबरोबर जाई आणि मागे तीस खाटांना एक उरे. त्या एकीने तेव्हा मनातल्या मनात काय काय मोजलं असेल, ते तिथे उभं राहिल्याशिवाय कळायचं नाही.

याचा परिणाम फक्त नर्सवर होत नाही. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १६८ रुग्णालयांचा अभ्यास करून २००२ मध्ये तो प्रसिद्ध केला. नर्समागे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाचा तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते, आणि त्याच एका जादा रुग्णामागे नर्स आतून संपून जाण्याची शक्यता २३ टक्क्यांनी वाढते, असं त्यांना आढळलं. एका जादा खाटेचा भार रुग्णावर आणि नर्सवर एकाच वेळी पडतो. बोर्डाच्या मीटिंगमध्ये मात्र या दोन गोष्टी वेगवेगळ्या फायलींत येतात, एक क्वालिटीच्या आणि एक एचआरच्या.

‘आतून संपून जाणं’ याला बर्नआउट म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या नव्या वर्गीकरणात त्याची व्याख्या केली तेव्हा तो आजार नसल्याचं स्पष्ट केलं. कामाच्या ठिकाणच्या, दीर्घकाळ चाललेल्या आणि नीट न हाताळलेल्या ताणातून येणारी अवस्था, अशी ती व्याख्या आहे. वॉर्डात त्याची लक्षणं कशी दिसतात ते सांगते. पहिल्यांदा मुलगी रजेवरून येऊनही थकलेलीच असते. मग तिच्या तोंडून रुग्णाचं नाव जातं आणि “बारा नंबरची सलाइन संपली” एवढंच उरतं. मग नातेवाईक काही विचारायला आला की तो विचारायच्या आत तिचा आवाज चढतो. तुमच्याकडे तक्रार पोहोचते ती या टप्प्यावर, आणि त्या मुलीला ‘कम्युनिकेशन स्किल्स’च्या प्रशिक्षणाला पाठवलं जातं.

आता माझ्यावर आलेली एक रात्र सांगते. इतकी वर्षं ही गोष्ट मी मोजक्या माणसांनाच सांगितली आहे.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीचा उन्हाळा. मी सकाळी आठला ड्युटीवर आले. दुपारच्या सिस्टरच्या मुलाला ताप होता, म्हणून दुपार मी केली. रात्रीची सिस्टर आलीच नाही. दुसरी मिळेपर्यंत थांबा असं वरून सांगण्यात आलं, आणि दुसरी मिळाली नाही. रात्री दहाला मी चौदा तास उभी होते. काटोलकडचे एक संत्रा बागायतदार मधुमेहासाठी भरती होते. त्यांना इन्सुलिनचे वीस युनिट द्यायचे होते. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते : आपल्याकडे इन्सुलिन दोन ताकदींत येतं, एका मिलीलिटरमध्ये ४० युनिट आणि एका मिलीलिटरमध्ये १०० युनिट. दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या, ४० ची लाल टोपीची आणि १०० ची केशरी टोपीची. माझ्या हातात १०० ची बाटली होती आणि ट्रेमधून मी लाल टोपी उचलली. वीसच्या खुणेपर्यंत भरलं. वीसच्या जागी पन्नास युनिट गेले.

रात्री तीनच्या सुमारास त्यांच्या बायकोने हाक मारली. “सिस्टर, हे घामाघूम होऊन राहिले, जरा पाहा न जी.” साखर पाहिली आणि माझे हात गार पडले. पंचवीस टक्के डेक्स्ट्रोज दिलं, डॉक्टरांना उठवलं, दर पंधरा मिनिटांनी साखर पाहत राहिले. पाचच्या सुमारास ते उठून बसले आणि त्यांनी चहा मागितला. ट्रे आवरताना लाल टोपी आणि १०० ची बाटली शेजारी शेजारी दिसली, तेव्हा मला कळलं काय झालं ते. मीच ते रिपोर्ट केलं. लपवलं असतं तर कुणाला कळलं नसतं. पण त्यांना दिवसभर लक्ष ठेवून पाहणं भाग होतं.

दुसऱ्या दिवशी मेमो आला. तीन दिवसांत लेखी खुलासा. मग चौकशी, तीन जण टेबलापलीकडे आणि मी उभी. सिरिंजचा रंग विचारला, डोस विचारला, मी प्रशिक्षण कुठे घेतलं ते विचारलं. मी किती वाजल्यापासून ड्युटीवर होते, हा प्रश्न त्या खोलीत कुणी विचारला नाही. मी सांगू लागले तर “ते वेगळं” म्हणाले. एक वेतनवाढ थांबली.

त्या पहाटे मला आधार दिला तो आमच्या वॉर्डातल्या मावशींनी. मी जिन्यात बसले होते. त्यांनी कपात चहा आणला, शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, “पेशंट उठून बसला न बाई? मग तू पण घोटभर घे.” बास, एवढंच. आज त्या नाहीत. पण कर्मचारी आधार कार्यक्रम कसा असावा असं मला कुणी विचारलं, तर तो जिना आणि तो कप डोळ्यांसमोर येतो. पुढचे सहा महिने मी इन्सुलिन भरलं की दुसऱ्या सिस्टरला हाक मारून बाटली आणि सिरिंज दाखवायचे. घरी झोपेत दचकून उठायचे. कुणाकडे जाऊन काही सांगायचं सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी जायचं कुणाकडे?

मला पुष्कळ उशिरा कळलं की याला नाव आहे. अल्बर्ट वू या डॉक्टरांनी २००० साली लिहिलं की चुकीचा पहिला बळी रुग्ण, पण जिच्या हातून चूक घडते ती दुसरा बळी असते. त्यांच्याच जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात २०११ मध्ये एक व्यवस्था सुरू झाली. प्रशिक्षण घेतलेले सहकारी आळीपाळीने चोवीस तास उपलब्ध असतात. एखादा मृत्यू मनाला लागला, हातून चूक झाली, तर त्यांना बोलवायचं. ते येतात, ऐकतात, आणि काहीच लिहून ठेवत नाहीत. चौकशी आपल्या वाटेने वेगळी होते. यात मोठा खर्च कशाचा आहे? मावशींनी केलं तेच प्रशिक्षण देऊन, वेळ देऊन करायचं. नागपुरातल्या प्रत्येक मोठ्या रुग्णालयात अशा दहा-बारा सिस्टर आणि ब्रदर आजही आहेत, ज्यांच्याकडे सगळे आपोआप जातात. त्यांची नावं तुम्हाला वॉर्डात विचारल्यावर पाच मिनिटांत मिळतील.

आता गुप्ततेबद्दल. ज्या मुलींनी मला १२ मेला बोलावलं, त्यांनी नंतर चहाच्या वेळी एकच प्रश्न विचारला : “त्या नंबरवर फोन केला तर एचआरला नाव कळते का मॅडम?” मला उत्तर देता आलं नाही. हा प्रश्न साधा नाही. या मुली करारावर आहेत, दर अकरा महिन्यांनी नूतनीकरण. काही ठिकाणी त्यांची मूळ प्रमाणपत्रं ऑफिसच्या कपाटात ठेवून घेतलेली असतात. अशा मुलीने ‘मला झोप येत नाही, जीव नकोसा वाटतो’ असं कुणाजवळ बोलावं, तर आधी तिला खात्री हवी की हे वाक्य तिच्या नूतनीकरणाच्या फाइलला लागणार नाही. मानसिक आरोग्याच्या २०१७ च्या कायद्याने उपचार घेणाऱ्याला गुप्ततेचा हक्क दिला आहे. तो हक्क कार्यक्रमाच्या करारपत्रात मराठीत लिहा, वॉर्डात लावा, आणि समुपदेशकाचं बिल फक्त भेटींच्या संख्येवर येऊ द्या. नावांची यादी मागूच नका.

समुपदेशक कोण आहे, हेही महत्त्वाचं. एका ठिकाणी फोन लावून पाहिला तर पलीकडून इंग्रजीतून सुरुवात झाली. आपल्याकडे गडचिरोलीच्या मुली आहेत, बालाघाट-छिंदवाड्याच्या आहेत, केरळच्या आहेत. दुःख सांगायला माणूस घरची भाषा शोधतो. शिवाय ड्युटीत मोबाईल लॉकरमध्ये ठेवायचा नियम, आणि आधार मोबाईलच्या अ‍ॅपवर. ड्युटी संपल्यावर घरी चार माणसांत फोन करायचा कुठे? आठवड्यातून दोन दुपारी एक माणूस, मराठी-हिंदी बोलणारा, रुग्णालयाच्या नोकरीत नसलेला, स्वतंत्र खोलीत बसू द्या. तिथे जाण्याचा वेळ ड्युटीचा वेळ धरा. तेवढ्या वेळेपुरती वॉर्डात दुसरी उभी करा. नाहीतर कुणी जाणार नाही, आणि वर्षाअखेरी अहवालात लिहिलं जाईल की कर्मचाऱ्यांचा प्रतिसाद अल्प. तोवर रात्री-अपरात्री कुणाला गरज पडली तर केंद्र सरकारची टेली-मानस सेवा आहे. ती ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, क्रमांक १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीतही. हा नंबर नर्सेस ड्युटी रूमच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा, म्हणजे पाहताना कुणी पाहणार नाही.

विदर्भातल्या वॉर्डातलं दुःख वेगळं आहे, ते मुंबई-पुण्याहून आलेल्या पॉवरपॉइंटमध्ये नसतं. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची मुलं पाहा. सहा-सात वर्षांचं लेकरू हाडांच्या वेदनांनी ओरडत पहिल्यांदा येतं, मग वर्षातून तीनदा-चारदा येत राहतं. त्याची शीर कुठे सापडते ते आम्हाला पाठ होतं. ते आम्हाला मावशी म्हणतं, दहावीचे मार्क सांगायला येतं. आणि एखाद्या भरतीत एकोणिसाव्या वर्षी जातं. त्याचं अंग पुसून, नळ्या काढून, आईच्या हाती द्यायचं काम आमचं. अर्ध्या तासात त्या खाटेवर नवी चादर आणि नवा रुग्ण. किंवा कीटकनाशक प्यायलेला शेतकरी : विषावर उतारा म्हणून रात्रभर दहा-पंधरा मिनिटांनी अ‍ॅट्रोपिन, डोळ्यांच्या बाहुल्या पाहा, छाती ऐका, नाडी मोजा, आणि पायाशी बसलेल्या त्याच्या बायकोला काय सांगायचं ते ठरवा. हे केल्यावर सकाळी घरी जाऊन कुकर लावताना हात का थरथरतो, हे घरच्यांना सांगता येत नाही.

लंडनच्या एका शिक्षण रुग्णालयात इझाबेल मेन्झिस यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस नर्सिंगचा अभ्यास केला होता. त्यांना दिसलं की या दुःखापासून वाचण्यासाठी सगळी व्यवस्थाच अशी बांधली जाते की नर्स रुग्णाच्या जवळ जाऊच नये. काम तुकड्यांत वाटायचं, माणसाऐवजी खाटेचा नंबर बोलायचा, वारंवार वॉर्ड बदलायचे. त्याने ताण कमी होत नाही, कामातलं समाधान तेवढं जातं आणि मुली सोडून जातात. हे वाचलं तेव्हा मला आमची ‘बारा नंबरची सलाइन’ आठवली.

याला एक उतारा आहे आणि तो स्वस्त आहे. बोस्टनचे एक वकील केनेथ श्वार्ट्झ फुप्फुसाच्या कर्करोगाने १९९५ मध्ये गेले. आजारपणात नर्स आणि डॉक्टरांच्या माणुसकीने आपल्याला तारलं असं त्यांना वाटे. त्यांच्या नावाने जे केंद्र उभं राहिलं, त्याने रुग्णालयांत एक पद्धत सुरू केली. ठरलेल्या दिवशी डॉक्टर, नर्स, अटेंडंट, थेरपिस्ट सगळे एकत्र बसतात आणि एखाद्या रुग्णाबद्दल बोलतात, पण उपचाराबद्दल नाही, तर तो आपल्या मनाला कसा लागला याबद्दल. २००९ मध्ये ती पद्धत इंग्लंडमध्येही गेली. आपल्याकडे डेथ ऑडिट, म्हणजे मृत्यूच्या कारणांची तपासणी होते, ती व्हायलाच हवी. त्यात कुणी असं म्हणत नाही, की त्या लेकराचं नाव घेतलं की मला अजून भरून येतं. महिन्यातून एक तास, जेवणाच्या पुड्या, मोठे डॉक्टरही खाली खुर्चीत. मोठ्या डॉक्टरांनी पहिल्यांदा बोललं तर बाकीचे बोलतील.

९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्री भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात शिशू कक्षाला आग लागली. दहा बाळं गेली, सात वाचली. ज्या आयांच्या कुशीतून ती गेली त्यांच्या दुःखापुढे मान खालीच घालायची. चौकशीही हवीच. पण त्या रात्री धुरात जे कर्मचारी होते त्यांच्या मनाचं पुढे काय झालं, याची चर्चा मी कुठे ऐकली नाही. नागपूर तिथून साठ-पासष्ट किलोमीटरवर आहे. आणि त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये कोविडची दुसरी लाट इथे शिगेला पोहोचली. त्या महिन्यात ज्या मुलींनी एका रात्रीत पाच-पाच, सहा-सहा मृतदेह बांधले, त्या आज तुमच्याच वॉर्डांत आहेत. त्यांना तेव्हा टाळ्या मिळाल्या. आजवर कुणी त्यांच्यासमोर बसून विचारलं नाही.

मारहाण आणि शिवीगाळीबद्दल थोडक्यात लिहिते, कारण उपाय तयार आहे. महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे. आरोग्यसेवेतल्या व्यक्तीवर हल्ला केला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड. नर्सही त्यात येते. पण तक्रार द्यायला ठाण्यात एकटी नर्स जाते, आणि दुसऱ्या दिवशी तिला ‘मिटवून टाका’ म्हणतात. तक्रार रुग्णालयाने स्वतःच्या नावाने द्यावी आणि वकील रुग्णालयाचा असावा. दुपारची ड्युटी करून रात्री हिंगणा, वाडी, कामठीला जाणाऱ्या मुलींसाठी गाडी असावी.

पगाराबद्दलही दोनच वाक्यं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने सांगितलं होतं की दोनशेहून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयात नर्सला सरकारी नर्सएवढं वेतन हवं आणि पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही ते वीस हजारांच्या खाली नको. आपापली पगारपत्रकं काढून त्याशेजारी ठेवून पाहा.

तुमच्यापैकी काही जण म्हणतील की माणसं मिळत नाहीत, मुली परदेशी जातात. हो, जातात. नागपुरात जर्मन शिकणाऱ्या नर्स मला माहीत आहेत, ड्युटी करून रात्री क्रियापदं पाठ करतात. पण मुलींशी बोलले तर पहिलं कारण पैसा सांगतात आणि दुसरं लगेच सांगतात : तिथे ऑफ म्हणजे ऑफ.

आणि व्याख्यानं, अ‍ॅप, श्वासाचे व्यायाम यांवरच भिस्त ठेवणाऱ्यांसाठी एक माहिती. ऑक्सफर्डच्या विल्यम फ्लेमिंग यांनी ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतल्या ४६,३३६ कर्मचाऱ्यांची माहिती तपासून २०२४ मध्ये निष्कर्ष मांडला. एकेकट्या माणसाला ताण सोसायला शिकवणाऱ्या अशा कार्यक्रमांत भाग घेतलेले आणि न घेतलेले यांच्या मनःस्वास्थ्यात जवळजवळ काही फरक दिसला नाही. कामाची रचना बदला, असंच तेही सांगतात.

मला माझाही दोष सांगितला पाहिजे, नाहीतर हे पत्र अर्धं राहील. नऊ वर्षं रोस्टर मी लिहिलं. ऑफच्या दिवशी मुलींना सकाळी सातला फोन मीच केले. दुपार करून घरी गेलेलीला दुसऱ्या सकाळी बोलावलं. सकाळ, मग दुपार, मग रात्र असं पुढे सरकत जाणारं चक्र शरीराला त्यातल्या त्यात सोसतं, उलटं फिरवलं की झोप मोडते, हे ठाऊक असूनही हवं तसं फिरवलं. एका मुलीला तिच्या वडिलांच्या तेरवीला एकच दिवस सुटी दिली, कारण दुसऱ्या दिवशी माझ्याकडे दोनच नर्स होत्या. ती आली, काम केलं, कुरकूर केली नाही. पुढच्या महिन्यात राजीनामा देऊन गेली. तिने रागाने काही म्हटलं असतं तर बरं झालं असतं. वरून मंजूर संख्या कमी होती हे खरं, पण त्या मुलीला फोन करणारा आवाज माझा होता. इन्चार्ज सिस्टरवर तुम्ही हे ओझं टाकता, हेही या पत्रात मला लिहायचं आहे. रोस्टरवर सही तिची असते आणि संख्या तुमची.

जूनचं रोस्टर २५ मेच्या सुमारास वॉर्डात लागेल. ते लागण्याआधी एकदा स्वतःच्या टेबलावर मागवा. मेट्रनना आणि दोन-तीन इन्चार्ज सिस्टरना समोर बसवा. गेल्या महिन्यात किती डबल ड्युट्या झाल्या, किती ऑफ रद्द झाले, किती जणींना नाईटनंतर लगेच प्रशिक्षणाला किंवा कार्यक्रमाला थांबवलं, एवढं मोजा. रजेची राखीव संख्या भरलेली नसेल तर ती भरायचा निर्णय त्याच बैठकीत लिहा. मग समुपदेशकाची खोली ठरवा.

माझ्यासारख्या निवृत्त सिस्टर या शहरात पुष्कळ आहेत. वॉर्डात कुणाशी बोलायला माणूस हवं असेल तर आम्ही येऊ. मी मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी मोकळी असते. मानधन नको. दार लागणारी एक खोली आणि दोन खुर्च्या लागतील, चहा मी आणीन.

आपली,
एक निवृत्त परिसेविका
नागपूर